सगळं कशालाही बसतं तेव्हा

गंडम ब्रेकर या खेळात कुठलाही भाग कुठल्याही भागाला बसतो. एका यंत्रमानवाचं डोकं, दुसऱ्याचं धड, तिसऱ्याचे हात, चौथ्याचे पाय, पाठीवर आणखी कुणाचे पंख. काहीही जोडा, खेळ हरकत घेत नाही. सांधा जुळत नाही, वजन पेलत नाही, तोल जातो, असं तो कधीच सांगत नाही. २०१६ सालापासून मी ही मालिका खेळते आहे. खेळ मारधाडीचा आहे आणि ती मारधाड मला आवडतेही. पण माझा जास्त वेळ गेला तो लढाईच्या आधीच्या पडद्यावर, जिथे यंत्र जोडतात, रंगवतात आणि गोल फिरवून बघतात.

ज्यांना हे जग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ‘मोबाइल सूट गंडम’ ही मालिका जपानी दूरदर्शनवर १९७९ साली आली. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो, यंत्रांची रचना कुनिओ ओकावारा यांची. ठरली होती ५२ भागांची, पण प्रतिसाद कमी म्हणून ४३ भागांत गुंडाळली गेली. पुनःप्रक्षेपणात मात्र तिनं मुलांना वेड लावलं. जुलै १९८० मध्ये बांदाई कंपनीनं त्यातल्या मुख्य यंत्राचं जोडायचं प्लास्टिक मॉडेल तीनशे येनला बाजारात आणलं. प्रमाण १:१४४. कथेतलं यंत्र १८ मीटर उंच, म्हणजे मॉडेल साडेबारा सेंटिमीटरचं, हातात धरून न्याहाळता येईल एवढं. या मॉडेलांना जपानमध्ये गनप्ला म्हणतात. गंडम ब्रेकरमध्ये आपण युद्धातला वैमानिक नसतो, गनप्ला जोडणारा माणूस असतो. समोरचे शत्रूही प्लास्टिकचेच. त्यांच्यावर नेमका मार बसला की हात, पाय, डोकं सुटून जमिनीवर पडतं. ते उचलायचं आणि परत येऊन आपल्या यंत्राला लावून बघायचं.

मी तोक्योला आले ती यंत्रांचे आराखडे काढण्याच्या नोकरीसाठी. राहायला निशी-कासाई, जिथे आपली पुष्कळ माणसं राहतात. तोझाई लाइनच्या गाडीत सकाळी हात वर करायला जागा नसते, पण रात्री उशिरा परतताना बसायला मिळायचं. त्या वेळात हातातल्या छोट्या व्हिटा कन्सोलवर मी या मालिकेतला तिसरा खेळ सुरू केला. जपानी वाचता येत होतं पण अडखळत. तरी गोष्ट कळली. एक जुनी बाजारगल्ली ओस पडत चालली आहे, तिथल्या मॉडेलच्या दुकानातली मुलगी गनप्लाच्या स्पर्धा जिंकून गल्लीचं नाव वर आणायला निघाली आहे, आणि आपण तिच्या संघातले. परक्या शहरात नव्यानं आलेल्या बाईला या गोष्टीनं फार सोबत केली. मालिकेतले पुढचे खेळ दिसायला जास्त देखणे आहेत. जीव मात्र माझा अजून त्या गल्लीत आहे.

सुरुवातीचा काळ आकड्यांचा असतो, सगळ्यांचाच. प्रत्येक भागाला मारा, बचाव वगैरेचे गुण असतात, नव्यानं पडलेला भाग बहुधा हातातल्यापेक्षा सरस असतो, त्यामुळे माणूस तो लावत सुटतो. तासाभरात यंत्राचं रूप असं होतं की घरातले सगळे दागिने एकदम अंगावर घातल्यासारखं. पण याच खेळात आवडीचा भाग दुसरे भाग खर्ची घालून बळकट करत नेण्याची सोय आहे. म्हणजे मनात बसलेलं डोकं किंवा खांदा शेवटपर्यंत सोबत ठेवता येतो. ही सोय मला नीट उमगली तेव्हा आकड्यांचा प्रश्न संपला, आणि त्याहून कठीण प्रश्न पुढे आला: आता काय हवं आहे?

बरेच दिवस मला नीट उत्तर देता येत नव्हतं. ‘छान दिसायला हवं’ हे उत्तर नव्हे, कारण या पडद्यावर जवळपास सगळंच पाच मिनिटं छान दिसतं.

मार्ग सापडला तो माझ्या बाबांमुळे. बाबा कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न मेकर होते. फौंड्रीत ओतकाम करायच्या आधी त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती लागते, ती करणारे. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मीटरमागे सुमारे दहा मिलिमीटरनं मोठा करतात. वाळूतून तो अलगद निघावा म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना किंचित उतार देतात. आयुष्यभर बाबांनी वस्तू पाहिली ती ‘ही साच्यातून निघेल कशी’ या नजरेनं. ते तोक्योला आले होते तेव्हा एका रविवारी माझ्या शेजारी बसून त्यांनी बराच वेळ पडदा पाहिला. यंत्राच्या गुडघ्यावर मी एक मोठी चिलखती फळी चढवली होती.

“ह्यो पाय कुठनं मुडपतो?” त्यांनी विचारलं.

“गुडघ्यात.”

“आन् मुडपल्यावर ही फळी कुठं जाती?”

मी यंत्र पळवून दाखवलं. फळी सरळ मांडीत घुसत होती, आरपार. खेळात तसं चालतं, दोन घन वस्तू एकमेकींतून बिनदिक्कत जातात. बाबा हसले नाहीत. “मग ते मोडंल की गं,” एवढंच म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरी काळजी होती, ते यंत्र खरोखरच कुणी ओतून बाजारात पाठवणार असल्यासारखी.

त्यानंतर मी जोडणी उभ्या यंत्रावर ठरवणं सोडलं. भाग लावला की यंत्र पळवायचं, उडी मारायची, तलवार उगारायची आणि कुठे काय कशात घुसतं ते बघायचं. खांद्याचं चिलखत हात वर गेल्यावर डोक्याला भिडतं का? पाठीवरच्या टाक्या कमरेच्या पट्ट्यांवर आपटतात का? खेळ याचे गुण देत नाही. पण हे बघायला लागल्यावर मला भाग दिसायला लागले, एरवी नुसते आकार दिसत होते.

आणि मग मूळ रचनांमधलं शहाणपण कळू लागलं. झाकू या शत्रुपक्षाच्या हिरव्या, एकडोळ्या यंत्राच्या अंगावरून नळ्या बाहेरून गेलेल्या दिसतात. त्यांच्यामुळे हे यंत्र जुन्या पिढीचं आहे, त्याला शक्ती कुठून कुठे पोचते, हे न सांगता समजतं. त्याच्या उजव्या खांद्यावर ढाल आहे, डाव्यावर काटे. एक बाजू सोसायची, एक बाजू धडक द्यायची. डोम नावाच्या यंत्राचे पाय घोट्याकडे घंटेसारखे पसरत जातात, कारण ते चालत नाही, पायांतल्या इंजिनांच्या झोतावर जमिनीलगत तरंगत जातं. हेच पाय शिडशिडीत धडाखाली लावले तर आधी घागरा दिसतो. ते यंत्र तरंगत का जातं, याचं कारण बाकीच्या शरीरातही दिसलं पाहिजे: वारा कापणारे खांदे, लोंबत न राहणारी हत्यारं. न्यू गंडमचे सहा फिन फनेल, म्हणजे पंखांसारखी सुटी होणारी हत्यारं, पाठीवर एकाच बाजूला लटकतात. तोल बिघडल्यासारखं वाटतं, आणि त्यामुळेच ती आकृती काळ्या सावलीतही ओळखू येते. मी आजही जोडणी झाली की यंत्राची पाठ प्रकाशाकडे करून त्याची नुसती कडा बघते. कडेत ओळख नसेल तर आतलं कितीही बारीक काम असो, उपयोग होत नाही.

या प्रकारातला दुसरा मोठा खेळ म्हणजे आर्मर्ड कोअर. १९९७ पासून चालत आलेला, सहावा भाग २०२३ साली आला. तोही मी मन लावून खेळले. तिथे पायांना भार पेलण्याची मर्यादा असते, जनरेटरला शक्ती पुरवण्याची. जड तोफ हवी तर पाय जाड घ्या, नाहीतर दुसरीकडे कपात करा. तिथलं यंत्र आपोआप सुसंगत होत जातं, कारण हिशेब चुकला तर ते मैदानात उतरतच नाही. मला तो खेळ शिस्तीचा उत्तम शिक्षक वाटतो. पण गंडम ब्रेकरनं जे शिकवलं ते जास्त खोल गेलं, कारण तिथे हिशेब मीच घालून घ्यायचा होता, आणि मोडला तर विचारणारं कुणी नव्हतं. रोजच्या नोकरीत ग्राहक अट घालतो, कारखाना अट घालतो, किंमत अट घालते. अट नसलेल्या कामात स्वतःची अट शोधायची सवय मला या खेळानं लावली, आणि ती नोकरीतही कामी आली. आता आराखड्याच्या पहिल्या बैठकीत माझा पहिला प्रश्न असतो, हे यंत्र कुणासाठी आणि ते दिवसभर काय करणार.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. आमचे नातेवाईक शिरोळ तालुक्यात आहेत. फोन लागत नव्हते. मी इथे बसून बातम्यांतल्या त्याच त्या दृश्यांकडे बघत होते, गढूळ पाणी, कौलांपर्यंत बुडालेली घरं, एनडीआरएफच्या नारिंगी बोटी. सगळे सुखरूप असल्याचं कळल्यावर त्या रात्री मी खेळ उघडला आणि पुरातून माणसं काढणारं यंत्र जोडायला घेतलं. हे मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही. खेळण्यानं पूर ओसरत नाही. पण हाताला काही काम हवं होतं आणि माझ्या हाताला हेच काम येत होतं.

धड घेतलं जिमचं. जिम म्हणजे गंडमची स्वस्तातली, मोठ्या संख्येनं बनवलेली आवृत्ती, साधी आणि दुरुस्तीला सोपी. बचावाचं यंत्र एकच असून भागत नाही, तालुक्याला वीस लागतात, म्हणून साधंच हवं. हात झगॉकचे. झगॉक पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणारं यंत्र, त्याचे हात कड्या जोडून केल्यासारखे लवचीक आणि गोलसर, कौलावरच्या माणसापर्यंत पोचतील असे. पंजे टोकदार होते, ते मनाला खटकत राहिले. डोकं ठरवताना सगळ्यात जास्त वेळ गेला. एक डोळा असलेलं डोकं मुलांना भीतीदायक वाटेल, आणि गच्चीवर अडकलेल्या मुलाला समोरून येणारं यंत्र ओळखीचं वाटलं पाहिजे. शेवटी जिमचंच रुंद काच असलेलं डोकं ठेवलं. पाठीवर ढाल आडवी बसवली, माणसांना उभं राहायला फळी म्हणून. हत्यार खेळाला हवं म्हणून एकच घेतलं.

रंग मला तोवर जमत नसे. रंगाच्या पट्ट्यांसमोर बसलं की हवे तेवढे रंग, त्यावर चमक, धातूची झाक, मळ, ओरखडे, सगळं हाताशी. मूळ गंडमचा पांढरा-निळा-लाल-पिवळा हा मेळ खेळणी विकण्याच्या गरजेतून आला, तरी त्यात रंगांचं प्रमाण फार विचारानं राखलेलं आहे. पांढरा पुष्कळ, निळा छातीवर, लाल आणि पिवळा चिमूटभर. पुराच्या यंत्रात मला पहिल्यांदा रंग शोधावा लागला नाही. नारिंगी बहुतेक अंगावर, कारण गढूळ पाण्यावर तो लांबून दिसतो. सांध्यांना करडा, कारण तिथे वंगण असतं. हाताच्या टोकांना पांढरा, म्हणजे रात्रीच्या उजेडात पंजा कुठे आहे ते खालच्या माणसाला कळेल. रंगांना काम मिळालं आणि तिथे चौथ्या रंगाची गरज उरली नाही.

मळाचं मात्र समाधान झालं नाही. पूर ओसरल्यावर भिंतीवर पाण्याची रेघ राहते, ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती विसरता येत नाही. ती रेघ मला यंत्राच्या छातीवर हवी होती. खेळातला मळ सगळीकडे सारखा पसरायचा, हवी तिथे रेघ ओढता येईना. म्हणून मी ते यंत्र प्लास्टिकमध्ये करायचं ठरवलं.

तोपर्यंत मी गनप्ला जोडले होते ते पुस्तिकेबरहुकूम. निपर नावाच्या कात्रीनं रनरवरून, म्हणजे भाग ज्या चौकटीत अडकलेले येतात तिच्यावरून, भाग कापायचा, गेटचा, म्हणजे जोडाचा, उरलेला ठिपका घासायचा, दाबून बसवायचा. डिंक लागत नाही, रंग प्लास्टिकमध्येच असतो. दोन वेगळ्या मॉडेलांचे भाग एकत्र आणायचे म्हटल्यावर कळलं की खेळानं माझ्यापासून किती गोष्टी लपवल्या होत्या. जिमच्या खांद्यातला खुंटा आणि झगॉकच्या हाताचं भोक यांचा काही संबंध नव्हता. आमच्या भागातल्या मॉडेल मंडळात एक वयस्कर गृहस्थ येतात, ओतीव साच्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी माझी पडद्यावरची चित्रं नीट पाहिली, मग हातातल्या ड्रिलनं तीन मिलिमीटरचं भोक पाडून त्यात प्लास्टिकची कांडी बसवायला शिकवली. पुष्कळ मॉडेलांत जोडणीसाठी हे तीन मिलिमीटरचं माप येतं. भोक पाडण्याआधी त्यांनी मला भाग प्रकाशासमोर धरून भिंतीची जाडी बघायला लावली. बाबाही पॅटर्न असाच धरायचे.

मग तोल. झगॉकचे हात जड, यंत्र तोंडावर पडायला लागलं. टाचांत मासेमारीच्या गळाचं शिसं भरलं तेव्हा उभं राहिलं. पंजांची टोकं मी कापून बोथट केली, पुट्टी भरून गोल घासली, आणि एवढे दिवस खटकणारी ती एक गोष्ट सुटली. पाण्याची रेघ पातळ केलेल्या रंगानं छातीवर आखली, खाली गाळाचा तपकिरी, वर नारिंगी, वरून मॅट टॉप कोट. शिझुओकाला मी हे यंत्र सोबत घेऊन गेले. बांदाईचा गनप्लाचा कारखाना त्याच शहरात आहे, तामिया, हासेगावा या मॉडेल कंपन्याही त्याच भागातल्या, आणि स्टेशनच्या बाहेर रनरमध्ये अडकवलेल्या सुट्या भागांच्या रूपातली टपालपेटी आहे, चालू पेटी, पत्र टाकता येतं. तिथे यंत्र ठेवून मी फोटो काढला आणि बाबांना पाठवला. त्यांचा फोन आला तो थेट गुडघ्याबद्दल: “आता फळी कुठं हाय?” फळी काढली होती. त्यांनी बरं म्हटलं.

ऑगस्ट २०२४ मध्ये चौथा खेळ आला. त्यात प्रत्येक भाग लहानमोठा करता येतो, दोन हात वेगवेगळे लावता येतात, दोन हातांत दोन वेगळी हत्यारं देता येतात, आणि तिघांना मिळून मोहिमेवर जाता येतं. माझा भाचा कोल्हापुरात असतो, भावाचा मुलगा, अकरावीत शिकतो. रविवारी आम्ही दोघं संगणकावर एकत्र खेळतो. पहिल्याच दिवशी त्यानं जे यंत्र आणलं त्याचे हात धडाच्या दुप्पट होते. मी माझ्या सवयीनं विचारलं, एवढे मोठे कशासाठी.

“आत्या, गोलकीपर हाय तो.”

कोल्हापुरात वाढलेल्यांना यापुढे काही सांगावं लागत नाही. तिथे तालमीतालमींचे फुटबॉल संघ आहेत, शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठा रिकाम्या होतात. यंत्राचे रंग त्याच्या तालमीचे होते. पाय आखूड आणि रुंद, बाजूला झेप घेताना जोर मिळावा म्हणून. पाठीवरचे झोत मागे तोंड करून नव्हते, त्यानं ते फिरवून दोन्ही बाजूंना वळवले होते, कारण गोलकीपर पुढे कमी पळतो, आडवा जास्त उडतो. इतकी वर्षं मी यंत्राला काम द्यायचं म्हणजे युद्ध, बचाव, वाहतूक, दुरुस्ती असाच विचार करत आले. खेळणं हेही काम असू शकतं, आणि त्यातूनही हात किती लांब, पाय किती आखूड याचं नेमकं उत्तर निघतं, हे त्या मुलानं दाखवलं. प्रमाण बिघडवण्याची मला जी धास्ती होती ती त्या दिवसापासून कमी झाली. त्याच आठवड्यात मी माझ्या पुराच्या यंत्राचा एक हात दीडपट केला आणि ते जास्त खरं वाटलं.

आता त्याला तो गोलकीपर हातात हवा आहे. यंत्र १:१४४ चं असेल तर हात १:१०० च्या मास्टर ग्रेड मॉडेलमधून घ्यावे लागतील, तेवढा फरक मापानं बरोबर दिसतो. अडचण खांद्याची. मोठ्या हाताचा भार लहान खांद्यातला खुंटा पेलणार नाही, तीन मिलिमीटरची कांडीही सैल पडेल. मी मापं काढून बाबांना पाठवली आहेत. भाच्याला शेजारी बसवून ते खांदा आधी सागात करून बघणार आहेत, चौपट मोठा, म्हणजे हात आडवा उचलल्यावर जोर नेमका कुठे येतो ते दोघांनाही हातानं कळेल. मे महिन्याच्या सुट्टीत मी जाईन तेव्हा निपर, ड्रिल आणि दोन्ही मॉडेलांचे डबे सोबत नेणार आहे. बाबांची एक अट आहे, प्लास्टिक कापायच्या आधी लाकडी खांदा हजार वेळा फिरवून झाला पाहिजे, आणि मोजायचं काम भाच्याकडे आहे.